घाटातून उतरणारं पाणी

दिवस पहिला, शुक्रवार : म्हापसा

मे महिन्याचा शेवटचा शुक्रवार, म्हणजे म्हापशात पुरुमेंताचा बाजार. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी करायला अख्खा बार्देस तालुका लोटलेला. गावठी कांद्याच्या माळा, सोलं, सुक्या मिरच्यांचे ढीग, खारं मासळं, मानकुराद आंब्यांच्या टोपल्या. मी मात्र या खेपेला पिशवीबरोबर वहीही घेऊन गेले होते.

निमित्त वर्गातलं. मी डिचोलीजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवते. म्हादईचा पाठ घेताना आवाज थोडा चढतोच, कारण ती आमची नदी आहे. ‘कर्नाटकवाले आमचं पाणी वळवून नेतायत’ असं मी म्हटलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचे वडील भाजीचा टेंपो चालवतात. ‘टीचर, मग बेळगावच्या भाजीत कुणाचं पाणी असतं?’

त्या दिवशी मी तिला धड उत्तर देऊ शकले नाही. सुट्टीत पाच दिवस काढले ते त्या उत्तरासाठी. बरोबर भाचा, त्याचीच गाडी.

बाजारात प्रत्येक विक्रेतीला एकच प्रश्न विचारत फिरले, भाजी कुठली? तांबडी भाजी, भेंडी, वाल, कांद्याच्या माळा यांच्यामागे बसलेल्या बायका ताठ मानेने ‘गांवची’ म्हणत होत्या. बटाटे, टोमॅटो, कोबी, फरसबी, गाजर, बीट, ढब्बू मिरची, कोथिंबीर यांच्यामागून एकच उत्तर येत होतं, ‘बेळगांवची’. बाजाराबाहेर फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर सवलतीच्या दरातली भाजी मिळते, तिथे रांग होती. ती भाजीही मुख्यतः घाटावरचीच.

संध्याकाळी घरी पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि वहीत हिशोब मांडला. एक किलो टोमॅटो पिकवायला जागतिक सरासरीने सुमारे २१४ लिटर पाणी लागतं. बटाट्याला किलोमागे २८७ लिटर, साखरेला १,७८२, एक लिटर दुधाला साधारण १,०२०. माझ्या पिशवीत एक किलो टोमॅटो, दोन किलो बटाटे, एक किलो साखर आणि लिटरभर दूध होतं. बेरीज ३,५९० लिटर. आंघोळीच्या वीस लिटरच्या बादलीने मोजलं तर १८० बादल्या, एका पिशवीत.

टोनी अ‍ॅलन या लंडनच्या प्राध्यापकांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या पाण्याला ‘आभासी पाणी’ म्हटलं. पश्चिम आशियातले कोरडे देश पाण्यावरून लढाया का करत नाहीत, याचं उत्तर ते शोधत होते. ते देश पाणी गव्हाच्या रूपात बोटीने आणतात, हे त्यांच्या लक्षात आलं. या कामाबद्दल त्यांना २००८ मध्ये स्टॉकहोमचा जलपुरस्कार मिळाला. नाव ‘आभासी’ असलं तरी ज्याच्या विहिरीतून ते उपसलं जातं त्याच्यासाठी त्यात काहीच आभासी नसतं.

दिवस दुसरा, शनिवार : साखळी, केरी, चोर्ला, कणकुंबी

पहाटे पाचला निघालो. साखळीचा वाळवंटीचा पूल ओलांडला तेव्हा उजाडलंही नव्हतं आणि भाजीचे टेंपो समोरून येऊ लागले होते. केरीच्या पुढे अंजुणे धरणाचं पाणी डाव्या-उजव्या वळणांतून दिसत राहिलं, बरंच खाली गेलेलं, काठाच्या तांबड्या मातीचे पट्टे उघडे पडलेले. तिथून घाट सुरू होतो. उतरणारी वाहनं मोजायचं ठरवलं होतं. वीस झाली, पंचवीस झाली, मग वळणांनी आणि धुक्याने मोजणी मोडली. पण काही टेंपो जवळून गेले की गाडीत कोथिंबिरीचा वास भरायचा. तेव्हा मोजायची गरजच उरायची नाही.

चोर्ल्याला चहासाठी थांबलो. एक टेंपोवाला तिथे तोंड धूत होता. रात्री बेळगावच्या ठोक बाजारात माल भरायचा, बारा-एकला निघायचं, उजाडताना साखळी-डिचोली, मग म्हापसा. असं आठवड्याचे सहा दिवस.

‘परत जाताना काय नेता?’ मी विचारलं.

‘रिकामे क्रेट. कधी मासळी मिळाली तर मासळी.’

हे मी वहीत ठळक लिहून घेतलं. खाली उतरतो तो विहिरी-बोअरचं पाणी पिऊन वाढलेला माल. वर चढते ती समुद्राची मासळी, जिच्यासाठी कुणाचीही विहीर उपसावी लागत नाही. पैशाचा हिशोब दोन्ही बाजूंनी चुकता होतो. पाण्याचा होत नाही, कारण तो कुणी मांडतच नाही.

कणकुंबी गोव्याची हद्द ओलांडल्यावर लगेच लागते, खानापूर तालुक्यात. इथे माऊलीचं देऊळ आहे आणि इथेच मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाते, सौंदत्तीजवळच्या धरणात साठते, पुढे कृष्णेला मिळते. त्याच गावाच्या शिवारात कळसा नाला आहे. तो पश्चिमेला उतरतो, म्हादईला मिळतो आणि म्हादई पणजीला मांडवी होऊन समुद्रात जाते. पाऊस एकाच डोंगरावर पडतो. थेंब कड्याच्या कुठल्या अंगाला पडला यावर तो अरबी समुद्रात जाणार की बंगालच्या उपसागरात, हे ठरतं. वर्गात नकाशावर शंभर वेळा दाखवलेली ही गोष्ट पायाखाली आली तेव्हा मी काही वेळ तिथेच उभी राहिले.

तंटाही इथलाच. कळसा आणि भांडुरा या दोन ओहोळांचं पाणी कर्नाटकाला मलप्रभेत वळवायचं आहे, हुबळी-धारवाड आणि आसपासच्या गावांच्या पिण्यासाठी. २०१० मध्ये लवाद नेमला गेला. त्याने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), महाराष्ट्राला १.३३, गोव्याला २४. कर्नाटकाच्या वाट्यापैकी मलप्रभेत वळवायचं पाणी ३.९ टीएमसी, त्यात कळशाचं १.७२ आणि भांडुऱ्याचं २.१८. गोव्याला हा निवाडा मान्य नाही आणि लढा सर्वोच्च न्यायालयात गेला.

रात्री बेळगावात मुक्कामी पोहोचल्यावर मी त्या ३.९ वर पुन्हा बसले. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, तर ३.९ म्हणजे जवळजवळ ११,००० कोटी. गोव्याची लोकसंख्या पंधरा लाख धरू. समजा प्रत्येकाने रोज दोनशे मिलिलिटर दूध घेतलं, चहाचं, दह्याचं, सगळं मिळून. लिटरला १,०२० लिटर पाणी या हिशोबाने वर्षाला ११,१६९ कोटी लिटर होतात. म्हणजे ३.९ टीएमसीच.

आकडा दोनदा तपासला. भाच्याकडून मोबाईलवर करून घेतला, तरी तोच.

अर्थात हा जागतिक सरासरीवरचा कच्चा हिशोब आहे. सगळं दूध बाहेरून येत नाही, काही गोव्यातल्या गोठ्यातलं असतं. आणि दुधातलं बहुतेक पाणी म्हणजे चाऱ्यावर पडलेला पाऊस, नदीतून उचललेलं पाणी नव्हे. नेदरलँड्सचे आर्यन हुकस्ट्रा यांनी २००२ मध्ये पाण्याचा पाऊलठसा, म्हणजे एखादी वस्तू तयार व्हायला एकूण किती पाणी लागलं ते, मोजायची पद्धत मांडली. तिच्यात पावसाच्या ओलाव्याला हिरवं पाणी आणि नदी-विहिरीच्या पाण्याला निळं पाणी म्हणतात, ते याचसाठी. हिरवं पाणी पिकाने घेतलं नाही तरी गवत-झुडपं घेतातच. निळं पाणी उचललं की खालच्या माणसाच्या वाटचं कमी होतं. तेव्हा हे दोन ३.९ तराजूच्या दोन पारड्यांत टाकून ‘फिट्टंफाट’ म्हणता येणार नाही. तरीही त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

दिवस तिसरा, रविवार : बेळगावच्या पश्चिमेचं एक गाव, मग अनमोड घाट

माझ्या जावेचं माहेर बेळगावच्या पश्चिमेला आहे. मराठी बोलणारं शेतकऱ्यांचं गाव. रताळी, बटाटा, भात आणि बारमाही भाजी. जावेचा भाऊ सकाळी सहालाच शेतावर घेऊन गेला.

दीड एकर कोबी, अर्धा एकर टोमॅटो. ठिबकच्या नळ्या वाफ्यांतून पसरलेल्या. विहिरीत डोकावले तर तळाला जेमतेम गुडघाभर पाणी.

‘ताई, बोअर तीन मारलेत, चालतंय एक,’ तो म्हणाला. ‘तेबी दोन तास चाललं की दम खातंय. पाऊस लागला की बटाट्याला पाणी द्यावं लागत नाही. पण मे महिन्यात तुमच्या गोव्याला कोबी पाहिजे, टोमॅटो पाहिजे. ते ह्या विहिरीतनंच.’

आदल्या रात्री वहीत लिहिलेली हिरव्या-निळ्याची भाषा इथे डोळ्यांसमोर उभी होती. जुलैचा बटाटा पावसावर येतो. मे महिन्याचा कोबी विहिरीवर येतो. बाजारात दोघांच्या किलोच्या भावात पाण्याचा हा फरक कुठेच दिसत नाही. विजेचं बिल, खत, मजुरी, क्रेटचं भाडं, अडत, सगळं भावात शिरतं. पाणी शिरत नाही. बोअर आटला तर नवा मारायचा खर्च त्याचा एकट्याचा.

मग ज्याची मी वाट बघत होते ते तो बोलला. ‘तुम्ही म्हादईचं पाणी देत नाही म्हणताय. आमचं पाणी रोज क्रेट भरून खाली जातंय, त्याचं काय?’

मी त्याला म्हटलं, भाऊ, वळवलेलं पाणी तुमच्या शेतात येणार आहे का? तो हसला नाही, रागावलाही नाही. मातीत बोटाने रेघ काढत म्हणाला, ‘नाही. आमची मार्कंडेय, ती घटप्रभेला जाते. ते पाणी मलप्रभेनं पुढं जाणार. आमची विहीर आहे तशीच राहणार.’

माझ्या पाच दिवसांतला हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण होता. दोन सरकारं ज्या पाण्यासाठी भांडतात ते पाणी नकाशावर निळ्या रेघेने दाखवता येतं. म्हणून त्याला लवाद मिळतो, वकील मिळतात. जे पाणी कोबीच्या पानांत बसून घाट उतरतं त्याला राज्याची हद्द अडवत नाही आणि त्याच्या बाजूने बोलायलाही कुणी नसतं. गोवेकर म्हणून माझी म्हादईवरची माया तसूभरही कमी झाली नाही. पण हा माणूस माझ्या विरुद्ध बाजूचा नाही, एवढं मला तिथे बांधावर बसून कळलं. आमचं ताट त्याच्या विहिरीला बांधलेलं आहे. ती आटली तर म्हापशात आधी भाव चढतील, मग भाजी थांबेल.

जेवायला भाकरी, झुणका, त्याच शेतातली कोबीची कोशिंबीर. निघताना गाडीत दोन कोबी आणि रताळ्यांची पिशवी ठेवली. पैसे घेतले नाहीत.

परत येताना खानापूर, लोंढा, रामनगर असं अनमोडमार्गे उतरलो. मोलेपर्यंत कांद्याच्या ट्रकमागूनच यावं लागलं. धारबांदोड्याला संजीवनी साखर कारखान्याची अंधारी इमारत दिसली. गोव्यातला हा एकुलता एक साखर कारखाना. २०१९-२०च्या सुमारास तिथलं गाळप थांबलं. तेव्हापासून आमच्या चहातली सगळीच साखर घाटावरची.

दिवस चौथा, सोमवार : साळावली, कुर्डी

या दिवसाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण कुर्डीबद्दल घाईने लिहिणं बरं नाही आणि सविस्तर लिहायची ही जागा नाही.

साळावली धरणाने दक्षिण गोव्याची तहान भागते. त्यासाठी कुर्डी गाव बुडालं आणि माणसं वाडे आणि वाळकिणीला गेली. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा जोती, विहिरींचे काठ, झाडांचे खुंट वर येतात. जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ नातवाला हाताने दाखवत होते, ‘हांगा आमचें शेत आशिल्लें.’ पाण्यासाठी शेत द्यावं लागणं म्हणजे काय, ते गोव्यालाही माहीत आहे. बेळगावच्या भावाला हे सांगायचं राहून गेलं होतं. रात्री फोन करून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

दिवस पाचवा, मंगळवार : दिवाडी

जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली. फेरीच्या कठड्याला टेकून पाण्याकडे बघितलं. कणकुंबीच्या नाल्याचं पाणी हेच, फक्त इथे भरती-ओहोटीबरोबर खारं-गोडं होणारं.

दिवाडी बेटावर माझी आत्या राहते. तिच्या घरामागे खाजन. समुद्रसपाटीच्या आसपासची, कधीकाळी खाडीपासून बांध घालून मिळवलेली जमीन. बांधात मानस, म्हणजे भरतीला आपोआप मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं लाकडी दार. पावसात आतलं पाणी बाहेर जातं, खारं पाणी आत येत नाही. मानशीवरच्या मासेमारीची दरसाल पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि तो पैसा बांधाच्या डागडुजीला लागतो. इथलं भात म्हणजे कोरगूट, खारवट जमिनीत तग धरणारं. उन्हाळ्यात जमीन उकरून ढेकळं उघडी टाकायची. जूनचा पाऊस त्यांतलं मीठ धुऊन नेतो, मग मोड आलेलं बी पेरायचं. पंप नाही, बोअर नाही. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातूनच हे पीक उभं राहतं.

म्हादईचं गोडं पाणी वरून कमी आलं तर खाडीचं मीठ वर सरकतं. मी वर्गात म्हादईसाठी आवाज चढवते तो या बांधांसाठी. दुधाच्या हिशोबाने हे कारण पुसलं जात नाही.

पण आत्याबरोबर बांधावरून चालताना दुसरी गोष्टही दिसली. शेजारच्या तीन शेतांचा बांध फुटून तिथे कांदळ वाढलेले. पलीकडची दोन पडीक. ‘कोण करणार?’ आत्या म्हणाली. ‘मजूर मिळत नाहीत, मुलं बाहेर. भात विकून खर्च सुटत नाही.’

आणि तिच्या कोठीत रेशनच्या तांदळाचं पोतं. मी ते फिरवून बघितलं. छाप पंजाबातल्या गिरणीचा.

मी त्या पोत्यापाशीच बसले. एक किलो तांदळाला जागतिक सरासरीने सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागतं. पंजाबात वर्षाचा पाऊस सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दिवाडीच्या पाचव्या हिश्श्याइतका. तिथे भात उभं राहतं ते भूजलावर. जमिनीत दरवर्षी जेवढं पाणी मुरतं त्याच्या सुमारे दीडपट तिथे उपसलं जातं. पातळी इतकी खाली गेली की २००९ मध्ये भूजल वाचवण्यासाठी त्या राज्याने भाताची लावणी ठरावीक तारखेआधी करायला बंदी घालणारा कायदा केला. तरी भात थांबलं नाही. हमीभावाने खरेदी तिथे होते, उपशाची वीज फुकट, गोदामं आणि मंड्या तिथे. अन्न महामंडळाची १९६५ मध्ये स्थापना झाली ती देशाची उपासमार थांबवायला, आणि पंजाबच्या शेतकऱ्याने खरोखरच देशाला जेवू घातलं. ते उपकार मोठे आहेत. पण ते फेडताना त्याच्या पायाखालचं पाणी संपत आलं.

हुकस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये भारतातल्या राज्याराज्यांमधला हा आभासी पाण्याचा प्रवाह मांडला होता. तो उलटा वाहतो असं त्यांना दिसलं. पाणी कमी असलेल्या पंजाब-हरियाणाकडून पाण्याने भरलेल्या बिहारसारख्या राज्यांकडे. धान्य कुठून कुठे जावं हे पाऊस ठरवत नाही. सपाट सिंचित जमीन, सरकारी खरेदी आणि विजेचं बिल ठरवतं. ते वाचलं तेव्हा मला बिहार लांबचा वाटला होता. आता तो उलटा प्रवाह आत्याच्या कोठीत येऊन थांबलेला दिसला. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या बेटावर, पडीक खाजनाच्या शेजारी.

गोव्याने सगळं स्वतःच पिकवावं असं मी म्हणणार नाही. एवढ्याशा, ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात ते होणारही नाही आणि बेळगावच्या भावाचं घर आमच्या बाजारावरच चालतं. पण जे भात आभाळातून पडणाऱ्या पाण्यावर फुकट उभं राहतं त्याचा बांध फुटू द्यायचा आणि आटत चाललेल्या विहिरीचं पाणी घाट उतरवून आणायचं, हे मला पटत नाही. बांध दुरुस्तीचा पैसा, कोरगुटाला भाव, उन्हाळी भाजीला रास्त दर, एवढ्या गोष्टी तर पणजीत बसून होण्यासारख्या आहेत. जूनमध्ये शाळा उघडली की त्या मुलीला मी पहिल्यांदा हे सांगणार आहे, आणि तिच्या वडिलांना वर्गात बोलावणार आहे. घाटाबद्दल माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.

दुपारी आत्याने कोरगुटाची पेज वाढली, बरोबर सोलांची कढी आणि बेळगावच्या रताळ्याचे काप. निघताना मी म्हटलं, पाच किलो कोरगूट दे, शाळेत मुलांना दाखवीन, थोडा घरी शिजवीन.

तिने कोठीचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि दोन किलोच मोजले.

‘बाकीचं बियाणं आहे,’ ती म्हणाली. ‘पाऊस आठ दिवसांवर आला.’